प्लेसमेंट सेलची किल्ली हातात आलीय, आता काय करू?

कर्जत फास्ट | १७ जून, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी मध्य रेल्वेवरच्या एका उपनगरातल्या अनुदानित कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. आर्ट्स, कॉमर्स, थोडं सायन्स आणि दोन-तीन सेल्फ फायनान्सचे कोर्स, असं आमचं कॉलेज. परवा स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्यांनी समित्यांची यादी वाचली आणि 'करिअर गायडन्स अँड प्लेसमेंट सेल' या ओळीपुढे माझं नाव आलं. आधी ज्या सरांकडे हे होतं ते मेमध्ये रिटायर झाले. त्यांनी माझ्या हातात किल्ली ठेवली आणि एकच सूचना दिली, "मॅडम, कपाटाचं दार जरा उचलून उघडा, नाहीतर अडकतं."

सेल म्हणजे जिमखान्याला लागून जिन्याखालची खोली. एक टेबल, तीन खुर्च्या, एक कपाट. कपाटात दोन कॅरम बोर्ड (जिमखान्याचे), गुंडाळलेला 'मेगा जॉब फेअर'चा फ्लेक्स आणि पाच वर्षांच्या फायली. फायलींत काय, तर नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) भेटीसाठी केलेले तक्ते. मुलाचं नाव, कंपनी, पॅकेज. एका वर्षी अठ्ठेचाळीस नावं आहेत, त्यातली एकतीस एकाच कॉल सेंटरची. त्यातली किती मुलं दिवाळीपर्यंत तिथे टिकली, हे कुठेच लिहिलेलं नाही.

माझे आठवड्याचे सोळा तास शिकवणं तसंच आहे, हे त्याच्यावर. टीवायला (पदवीच्या तिसऱ्या वर्षाला) सहाशेच्या आसपास मुलं. पवईच्या आयआयटीत १ डिसेंबर उजाडायच्या आत, मध्यरात्रीच मुलाखती सुरू होतात, त्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. आमच्याकडे मुळात कोणाला फोन करायचा इथून सुरुवात आहे. आमच्यासारख्या कॉलेजात या सेलने करायचं काय, हा साधा प्रश्न आहे. भाषण नको, कोणी केलं असेल तर सांगा.

दादरकर काका | १७ जून, रात्री ११:१५

ताई, अभिनंदन म्हणू की सांत्वन करू?

आम्ही बीकॉम झालो १९८३ला. सेलबिल हा शब्दही ऐकला नव्हता. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घालायचं, कार्ड जपून ठेवायचं आणि मुदत संपायच्या आत रांगेत उभं राहून ते रिन्यू करायचं. कॉल येईल तेव्हा येईल. बँकेत जायचं तर बीएसआरबीची परीक्षा. त्याची तयारी कॉलेजात नाही, स्थानीय लोकाधिकार समितीच्या वर्गात. टायपिंगचं चाळीसचं सर्टिफिकेट हाताशी असावं म्हणून सकाळी सातला इन्स्टिट्यूटमध्ये खडखडाट.

मला नोकरी लागली ती मात्र पहिल्या मजल्यावरच्या सावंतांमुळे. वशिला नाही हो. ते आधी लागले होते, त्यांनी फॉर्म आणून दिला, भरून घेतला आणि "ओरल"ला काय विचारतात ते गॅलरीत उभं राहून सांगितलं. चाळीत एक लागला की मागचे चार लागत. तुमच्या मुलांना असा सावंत नसणार. घरातलं पहिलंच कोणी ग्रॅज्युएट होत असेल तर विचारायचं कोणाला?

नीलाक्षी | १८ जून, सकाळी ९:०५

ट्रेनमधून लिहितेय, टायपो माफ.

मी टेबलाच्या पलीकडची. अंधेरीला एका लॉजिस्टिक्स कंपनीत एचआरला आहे. वर्षाला पंचवीस-तीस फ्रेशर घेतो, बहुतेक बीकॉम, बीएमएस, बीए सुद्धा. कॉलेजं आम्हाला काय पाठवतात माहितीये? एक एक्सेल शीट, चारशे नावं, त्यात अर्ध्यांचे मोबाइल नंबर नऊ आकडी. ताई, तुम्ही मला चारच नावं द्या, पण ज्यांच्याशी तुम्ही स्वतः बोलला आहात अशी.

आणि ते रिझ्युमे! सगळे एकाच झेरॉक्सच्या दुकानातून निघालेले. वर 'टू ऑब्टेन अ चॅलेंजिंग पोझिशन इन अ रेप्युटेड ऑर्गनायझेशन', मग वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, छंद 'लिसनिंग टू म्युझिक' आणि खाली 'आय हिअरबाय डिक्लेअर'. मुलगा कोण आहे ते त्या दोन पानांत कुठेच सापडत नाही. 'अॅडव्हान्स्ड एक्सेल' लिहिलंय म्हणून व्हीलूकअप (एका तक्त्यातली माहिती दुसऱ्यात शोधून आणायचं सूत्र) विचारलं की उत्तर येतं, "मॅम, सिलॅबसमध्ये होतं."

अजून एक. केटी (नापास होऊन राहिलेला विषय) लपवू नका म्हणावं. मार्कशीट आम्ही बघतोच. केटी लागली, सोडवली, एवढं सरळ सांगणारा पोरगा मला आवडतो.

माजी टीपीओ | १८ जून, दुपारी १:३०

इंजिनीअरिंग कॉलेजात सोळा वर्षं ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसर होतो, त्या हिशोबाने लिहितो. आमचं आणि तुमचं गणित वेगळं, पण काही गोष्टी सारख्याच.

पहिलं म्हणजे वेळापत्रक. आमच्याकडे शेवटचं वर्ष सुरू झालं की जुलै-ऑगस्टपासून टेस्ट, कारण सॉफ्टवेअर कंपन्या वर्षभर आधी मुलं अडवून ठेवतात. तुमच्या मुलांना घेणारे लोक, म्हणजे सीए फर्म, विमा, खासगी बँका, रिटेल, ट्रॅव्हल, यांना माणूस लागतो तो पुढच्या महिन्यात. त्यांना सप्टेंबरमध्ये 'कॅम्पसला या' म्हटलंत तर हसतील. त्यांच्यासाठी मार्च ते जुलै मोकळं ठेवा. कॉमर्समधली सीए करणारी मुलं असतील तर आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, आता दोन वर्षांची आहे (२०२३च्या नव्या योजनेपासून, आधी तीन होती) आणि ती मुलं सीएची मधली परीक्षा, इंटर, पास झाल्या झाल्या फर्म शोधत दारोदार फिरतात. जवळपासच्या दहा सीएंची ओळख ठेवलीत तरी त्यातल्या कितीतरी मुलांचं काम होईल.

दुसरं, कंपनीची फाइल नसते, कंपनीत माणूस असतो. एचआरमधली माणसं दर दोन वर्षांनी बदलतात. तो नवीन कंपनीत गेला की तुमचीही ओळख तिकडे जाते, जर दिवाळीला एक फोन केला असेल तर. माझा निम्मा धंदा माजी विद्यार्थ्यांवर चालायचा. व्हाइवाला घाम फुटलेला पोरगा आठ वर्षांनी लॅपटॉप घेऊन कॅम्पसला येतो आणि "सर, चहा कुठेय?" विचारतो, त्या दिवशी पगार वसूल.

आता तुमच्या त्या एकतीस नावांबद्दल. नॅकच्या पाचव्या निकषात विद्यार्थ्यांची प्रगती मोजतात, त्यात नोकरी लागलेली आणि पुढे शिकायला गेलेली, दोन्ही मुलं धरतात. एनआयआरएफमध्येही (केंद्राची कॉलेजांची क्रमवारी) 'ग्रॅज्युएशन आउटकम्स' असतं, तिथे पगाराचा मध्यक विचारतात. त्यामुळे वरून आकड्याचा तगादा येणार, येतोच. मी एक नियम केला होता: ऑफर लेटर, जॉइनिंगचं पत्र आणि पहिली सॅलरी स्लिप, तिन्ही आले तरच नाव तक्त्यात. पहिल्या वर्षी आकडा निम्म्यावर आला. प्राचार्य माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत.

फटकळ | १८ जून, दुपारी २:१०

कॉलेज शिकवायला असतं की नोकऱ्या वाटायला? प्राध्यापकांनी शिकवावं. अर्थशास्त्राची बाई कंपन्यांना फोन करत बसली तर वर्गात कोण उभं राहणार? मुलांनीही जरा पाय हलवावेत. मोबाइलवर दिवसाचे सहा तास जातात, त्यातला एक नोकरी शोधायला घालवा म्हणावं. हलके घ्या.

टीवाय पास | १९ जून, रात्री १२:४०

फटकळ काका, पाय हलवतोय, बूट झिजलेत.

मी गेल्या वर्षी ग्रॅज्युएट झालो. कॉलेजचं नाव लिहीत नाही, आणि ताईंचं कॉलेज ते नाही एवढं नक्की. आमच्याकडे सेल होता, मोठा बोर्ड होता. टीवायला असताना एक ड्राइव्ह (कंपनीची कॉलेजातली भरती) झाला, 'बँकेत ऑफिस जॉब' असं सांगितलं होतं. पहिल्या दिवशी हातात टीशर्ट आणि फॉर्मचा गठ्ठा देऊन स्टेशनबाहेर उभं केलं. क्रेडिट कार्डं विकायची. तीन आठवडे केलं. पगार 'टारगेट पूर्ण झाल्यावर'. सोडलं. सेलच्या सरांना सांगायला गेलो तर म्हणाले, "अरे, तुझं नाव प्लेस्डमध्ये गेलं, आता दुसऱ्या ड्राइव्हला बसता येणार नाही."

रिझल्ट लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी प्लेसमेंटच्या ग्रुपवर 'ऑल द बेस्ट फॉर युअर फ्युचर' आला आणि संध्याकाळपर्यंत आम्हाला सगळ्यांना रिमूव्ह केलं, नव्या बॅचला जागा करायला. टीवायच्या मार्चमध्ये मी परीक्षेच्या मागे होतो. खरी गरज लागली जुलैमध्ये, तेव्हा कोणीच नव्हतं. आता मुलाखतीला गेलं की पहिला प्रश्न, "ये गॅप क्यूं है?"

अंबरनाथला राहतो. दिवसातून एकदा तरी कोणीतरी विचारतं, काय करतोस सध्या.

मनीप्लांट | १९ जून, पहाटे ३:२०

टीवाय पास, वाचून वाईट वाटलं. ग्रुपमधून काढण्याबद्दल विशेष, कारण मी याच्या बरोब्बर उलटं पाहिलंय.

मी ब्रिटनमध्ये मास्टर्स केलं. तिथे करिअर्स सर्व्हिस हे वेगळं खातं असतं, त्यात पूर्णवेळ सल्लागार. (ऑक्सफर्डचं १८९२पासून आहे, म्हणजे नवं खूळ नाही.) मी दादरच्या सवयीने पहिल्याच भेटीत विचारलं, "कंपन्या कधी येणार?" समोरची बाई म्हणाली, "तुला काय करायचंय?" मी गप्प. घरी, शाळेत, क्लासमध्ये, कोणी कधी विचारलंच नव्हतं. वीस मिनिटांची भेट, त्यातली पंधरा मी काय करायचं *नाही* ते सांगण्यात घालवली. तिने सगळं लिहून घेतलं. पुढच्या वेळी रिझ्युमे पेन्सिलीने खोडून परत दिला. माझ्या वाक्यांतले 'वी' सगळे गोल केलेले, कडेला लिहिलेलं: यात तू काय केलंस?

नोकरी त्यांनी लावून दिली नाही, तो त्यांचा दावाही नसतो. पण तिथल्या बऱ्याच विद्यापीठांत पदवीनंतर दोन-तीन वर्षं तुम्ही भेटीची वेळ घेऊ शकता. त्यामागे धर्मादाय वगैरे नाही. शिक्षण संपल्यावर साधारण १५ महिन्यांनी तिथे 'ग्रॅज्युएट आउटकम्स' नावाचा देशभराचा सर्वे होतो, मुलगा काय करतोय ते विचारतात. पूर्वीचा सर्वे सहा महिन्यांनी व्हायचा. पंधरा महिन्यांनी मोजणार म्हटल्यावर रिझल्टच्या दुसऱ्या दिवशी कोणाला ग्रुपबाहेर काढणं परवडत नाही.

सगळं गोग्गोड नाही. व्हिसाचा प्रश्न आला की सल्लागारही हात टेकायचे. मला त्यांनी एवढंच दाखवलं की व्हिसा स्पॉन्सर करायची परवानगी असलेल्या कंपन्यांची यादी तिथलं सरकार जाहीर करतं, आधी ती बघ, मग अर्ज कर. तोपर्यंत मी सत्तर अर्ज यादीबाहेरच्या कंपन्यांना पाठवून झाले होते.

कर्जत फास्ट | १९ जून, रात्री ९:५०

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. आभार.

फटकळ, तुमचं म्हणणं मला दोन दिवसांपूर्वी पटलं असतं. पण काल गेल्या वर्षीची यादी घेऊन सात-आठ मुलांना फोन केले. 'प्लेस्ड' लिहिलेल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, कॉलेजातून का फोन आला? काही राहिलंय का भरायचं?" फी सोडून दुसऱ्या कशासाठी कॉलेज फोन करेल हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

तर आज मी दोन गोष्टी केल्या. गेल्या दोन बॅचच्या जुन्या ग्रुपांवर मेसेज टाकला: मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन ते चार जिन्याखालच्या खोलीत बसते, पास झालेले असलात तरी या. आणि कॅरम बोर्ड जिमखान्यात पोचवले.

पगारपत्रक | २० जून, सकाळी ८:१२

ताई, येणाऱ्या मुलांना एक गोष्ट कागदावर करून दाखवा. मी पेरोलचं काम करतो, दर जुलैला हेच रडगाणं ऐकतो: "सर, २८ हजार सांगितले होते, २२ आले, कंपनी फ्रॉड आहे." कंपनी फ्रॉड नसते, पोराला सीटीसी (म्हणजे कंपनीला त्याच्यावर पडणारा एकूण खर्च, 'पॅकेज') आणि हातातला पगार यातला फरक कोणी सांगितलेला नसतो.

समजा पॅकेज ३,३६,०००. बारांनी भागा, २८,०००. यात व्हेरिएबल (कामगिरी बघून मिळणारा भाग) वर्षाला १८,००० धरलाय, म्हणजे महिन्याचे १,५०० गेले, ते मिळाले तर वर्षाअखेरीस. राहिले २६,५००. बेसिक १४,००० धरू. कंपनीचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के, १,६८०, तोही पॅकेजमध्येच मोजलेला. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, ६७३, ती पाच वर्षं टिकलात तर सहसा. स्लिपवरचा ग्रॉस झाला २४,१४७. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ १,६८०. उरले २२,४६७. मुलगा असेल तर प्रोफेशनल टॅक्स २०० आणि फेब्रुवारीत ३००. मुलगी असेल आणि महिन्याचा पगार २५ हजारांपर्यंत असेल तर महाराष्ट्रात २०२३पासून तिला तो माफ आहे. म्हणजे मुलाच्या हातात २२,२६७. कंपनीने मेडिक्लेमचा हप्ता किंवा बसचे पैसे कापले तर आणखी खाली.

हे बाहेर पडायच्या आधी कळलं तर मुलगा निदान शांतपणे ठरवतो. पहिल्या पगाराच्या दिवशी कळलं तर आईला काय सांगू म्हणून रडतो. खरंच रडतात हो, मी पाहिलंय.

दादरकर काका | २० जून, सकाळी ९:३०

पगारपत्रक, वाचनखूण साठवली. नातवाला पाठवतो. आम्हाला पगार पाकिटात मिळायचा आणि पाकिटावरच सगळं लिहिलेलं असायचं.

शीव सर्कल | २० जून, सायंकाळी ६:४५

अप्रेंटिसशिपबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. लोकांना वाटतं ते आयटीआयवाल्यांचं. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१चा. पदवीधर इंजिनीअर आणि डिप्लोमावाले १९७३च्या दुरुस्तीने आले आणि २०१४च्या दुरुस्तीने बीए, बीकॉम, बीएस्सीलाही दार उघडलं. पदवीधरांचं काम बघणारं बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंग, लोक त्याला 'बोट' म्हणतात, देशात चारच ठिकाणी आहे आणि पश्चिम विभागाचं आपल्या शीवला, पुरव मार्गावर. ताई, लोकलने अर्ध्या तासावर आहे, एकदा जाऊन या.

२०१९च्या नियमांत पदवीधराला महिना किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरलं, त्यातलं निम्मं केंद्र सरकार देतं. आणि सेलला कामाची गोष्ट ही: ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. तुमच्या आजूबाजूच्या एमआयडीसीत अशा किती कंपन्या आहेत ते मोजा. 'आमची मुलं घ्या' असं म्हणत जाण्यापेक्षा 'तुमचा कोटा भरलाय का?' असं विचारत गेलात की चहा लवकर येतो.

माजी टीपीओ | २० जून, रात्री ८:००

शीव सर्कल यांना अनुमोदन. यात भर: राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ला आली, पदवीधराला महिना १०,०००, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी. केंद्राची इंटर्नशिप योजनाही त्याच वर्षी, तेव्हा २१ ते २४ वयाला, महिना ५,०००, एक वर्ष. मुलांना पहिल्याच दिवशी सांगा की ही नोकरी नव्हे. मुदत संपली की कंपनी 'थँक यू' म्हणू शकते. पण टीवाय पास सारख्या मुलाला 'गॅप का' या प्रश्नाचं उत्तर मिळतं, ते कमी नाही.

एमए-एमएस्सीला दुसऱ्या सेमिस्टरला आता चार क्रेडिटचं ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) आहे ना? त्या निमित्ताने कंपन्यांचे दरवाजे ठोठवायचेच आहेत, तर पदवीच्या मुलांसाठीही त्याच फेरीत विचारा.

कर्जत फास्ट | ९ जुलै, रात्री ११:०५

आजचा किस्सा. दुपारी एक गृहस्थ आले, सूट, हातात लॅमिनेट केलेली फाइल. "मॅडम, हंड्रेड पर्सेंट प्लेसमेंट. पर स्टुडंट पंधराशे रजिस्ट्रेशन, त्यातले तीनशे कॉलेजला." मी विचारलं, कंपन्या कोणत्या? "ते रजिस्ट्रेशननंतर." मी म्हटलं, तुमच्या ऑफिसचा पत्ता? "सध्या शिफ्ट होतोय."

मी नाही म्हटलं, तर ते सरळ प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. तिथून मला बोलावणं. प्राचार्य भाबडेपणाने म्हणाले, "बघा ना मॅडम, सहाशे मुलं आहेत." मी म्हटलं, सर, सहाशे गुणिले पंधराशे, नऊ लाख. ते थोडा वेळ बघत राहिले आणि शिपायाला म्हणाले, साहेबांना गेटपर्यंत सोडून ये.

नीलाक्षी | १० जुलै, सकाळी ९:११

शाब्बास!! नोकरी देणारा उमेदवाराकडून पैसे घेत नाही, तो आम्हाला पडणारा खर्च असतो. हे तुमच्या दारावरच चिकटवा. शिवाय 'ओरिजिनल मार्कशीट जमा करा' म्हणणाऱ्यांपासूनही लांब. ओरिजिनल दाखवायचं, झेरॉक्स द्यायची.

फटकळ | १० जुलै, सकाळी १०:००

हे बरं केलंत.

कर्जत फास्ट | २३ सप्टेंबर, रात्री १०:३०

गणपती, परीक्षा, पेपर तपासणी, सगळ्यात धागा मागे पडला. एक प्रसंग मात्र लिहायचाच होता.

ऑगस्टमध्ये एका शुक्रवारी गेल्या वर्षीची एक बीकॉमची मुलगी आली. डोंबिवलीची. नीलाक्षींनी वर्णन केलेला रिझ्युमे, हुबेहूब, 'लिसनिंग टू म्युझिक'सकट. अनुभव: 'फ्रेशर, नो एक्सपिरियन्स'. मी मनीप्लांटचा प्रश्न विचारला, तुला काय करायचंय? "काहीही चालेल मॅडम." मी विचारलं, मग वर्षभर काय केलंस? "काही नाही, घरीच." घरी म्हणजे? "आईचं पोळीभाजी केंद्र आहे, तिथे जरा मदत."

ही 'जरा मदत' काय निघाली ऐका. रोज १४० डबे. रात्री दहापर्यंत ऑर्डर व्हॉट्सअॅपवर, त्या ती वहीत उतरवते, पहाटे पिठाचा अंदाज देते, तीन डबेवाल्या पोरांना बिल्डिंगवार वाटण्या करून देते, कोणाला बिनकांद्याचं, कोणाला एकादशी. पैसे यूपीआयवर येतात ते रात्री बसून नावाशी जुळवते. महिनाअखेर थकबाकीदारांना फोन तीच करते, कारण आईला मागायला लाज वाटते.

मी म्हटलं, हे लिहिलं का नाहीस? ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी थट्टा करतेय. "मॅडम, ते काय लिहायचं? ते घरचं आहे."

मग आम्ही आधी मराठीत बोललो. इंग्रजीत सांग म्हटलं की तिचं वाक्य 'मायसेल्फ'वर अडायचं. मराठीत मात्र ती सलग अकरा मिनिटं बोलली, मी घड्याळ लावलं होतं. तेच मग तुकड्या तुकड्याने इंग्रजीत बसवलं. रिझ्युमे एका पानाचा झाला. वडिलांचं नाव गेलं, १४० डबे आले.

नीलाक्षींना मी त्यांनी मागितल्याप्रमाणे चारच नावं पाठवली. त्यांनी सांगावं पुढचं.

नीलाक्षी | २४ सप्टेंबर, सकाळी ९:२०

चौघांपैकी एका मुलाला घेतलं. डबेवाल्या मुलीची मुलाखत या वर्षातली सगळ्यात छान होती, माझा ऑपरेशन्सचा मॅनेजर तिला आणखी वीस मिनिटं प्रश्न विचारत बसला, रूट कसा लावतेस वगैरे. पण एक्सेलच्या टेस्टमध्ये चाळीसपैकी नऊ. तिथे माझाही इलाज नाही, रोजचं कामच ते आहे. तिला मी फोन करून कारण सांगितलं. आम्ही सहसा सांगत नाही, 'वुई विल गेट बॅक टू यू' म्हणतो आणि विसरतो. या धाग्यामुळे सांगावंसं वाटलं.

टीवाय पास | १२ ऑक्टोबर, रात्री ११:५५

अपडेट देतो. शीव सर्कल दादांनी अप्रेंटिसशिपचं सांगितलं म्हणून तिच्या पोर्टलवर नाव घातलं, दोन महिने काही झालं नाही. मग बोटच्या मेळाव्याला गेलो, तिथे तीन मुलाखती. महापेच्या एका कंपनीत स्टोअर्सला अप्रेंटिस म्हणून लागलो. महिना १२ हजार, एक वर्ष. बाबा म्हणाले, एवढं शिकून शिकाऊच? आई काही बोलली नाही, डबा मात्र सहाला तयार असतो.

मुलाखतीच्या आधी माजी टीपीओ सरांनी फोनवर दोनदा सराव करून घेतला. 'ऑफिस जॉब म्हणून फसवलं' असं मी सांगायचो, ते म्हणाले, एवढंच सांग, "तीन आठवडे विक्री केली, कळलं की ते माझं काम नाही." तेवढंच सांगितलं. पुढचा प्रश्न आलाच नाही.

दादरकर काका | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

पहिल्या विद्यावेतनातून पेढे नकोत, बूट घे.

मनीप्लांट | १४ ऑक्टोबर, पहाटे ४:३०

+१. आणि वर्षभरात काय काय शिकलास ते दर शनिवारी दोन ओळी लिहून ठेव. नंतर आठवत नाही.

कर्जत फास्ट | १४ डिसेंबर, रात्री १०:१५

या सहामाहीचा हिशोब प्राचार्यांना द्यायचाय, म्हणून आज फाइल घेऊन बसले. माजी टीपीओ सरांचा तीन कागदांचा नियम लावला तर तक्त्यात नावं येतात अकरा. गेल्या वर्षी होती अठ्ठेचाळीस. प्राचार्य आठ दिवस बोलणार नाहीत याची तयारी ठेवलीय. पण खोलीत येऊन गेलेल्या मुलांची वेगळी वही केलीय, त्यात एकशे सदतीस नावं आहेत आणि प्रत्येकापुढे पुढच्या फोनची तारीख. ती वही नॅकच्या कुठल्या रकान्यात बसत नाही, तरी मी जोडणार आहे.

डबेवाल्या मुलीचंही सांगते. ती त्या टेस्टनंतर दर मंगळवारी येत होती, आमच्या आयटीच्या लॅब असिस्टंटकडून एक्सेल शिकायला. काल आली ती लॅपटॉप घेऊन. पोळीभाजी केंद्राची आख्खी वही शीटवर चढवलीय, व्हीलूकअप लावून. त्यात आईचे अकरा हजार रुपये थकलेले सापडले, एका ऑफिसकडे, जूनपासून. वसूल पण केले. आता म्हणते, "मॅडम, नोकरी आत्ता नको, अजून दोन ऑफिसं जोडून बघते." मी तिला मार्चमध्ये परत विचारणार आहे.

तर प्रश्न असा: तक्त्यात हिला कुठे घालू? प्लेस्ड नाही, हायर स्टडीज नाही. प्राचार्य म्हणतात सेल्फ एम्प्लॉइड घाला आणि पॅकेज लिहा.

माजी टीपीओ | १४ डिसेंबर, रात्री १०:४०

आईला विचारा, पगार किती देणार. दिला तर स्लिप मागा.

शनिवारी मॉक इंटरव्ह्यूला मी अकराला पोचतो. पगारपत्रक पण येतायत, फळा लागेल त्यांना. किल्ली गेटवर ठेवा.

कर्जत फास्ट | १४ डिसेंबर, रात्री १०:४४

ठेवते. कपाट जरा उचलून उघडा.